सर्व्हर उठला, नेटवर्क नाही

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. आदल्या दिवशी, रविवारची सुट्टी साधून, एक तंत्रज्ञ सर्व्हरमध्ये जादा डिस्कसाठी कार्ड बसवून गेला होता. मशीन सुरू झालं, स्क्रीनवर लॉगिनची ओळ आली, ती बघून तो निघाला. सोमवारी काउंटर उघडलं तर एकाही टेबलावरच्या संगणकाला सर्व्हर दिसेना. मी दोनशे किलोमीटर लांब. सर्व्हरपाशी उभे होते वसुली विभागातले एक लिपिक, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची.

“दादा, मागे केबल लावलीय तिथे लाइट लागतोय का?”

“हो सर, हिरवा लागलाय.”

मग एक आज्ञा मी त्यांना अक्षर-अक्षर सांगून टाइप करायला लावली आणि समोर जे उमटेल ते वाचायला सांगितलं. ते वाचू लागले : “ई, एन, पी, चार, एस, शून्य.”

“चार? तीन नाही?”

“चारच आहे सर. दोनदा बघितलं.”

सेटिंगच्या फायलीत ईएनपी३एस० असं लिहिलेलं होतं. नवं कार्ड आत बसल्यामुळे पीसीआय बसचे क्रमांक एकाने सरकले आणि जुन्या, धडधाकट नेटवर्क कार्डाचं नाव बदललं. फाइल ज्याला हाक मारत होती तो त्या घरात राहतच नव्हता. एक आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं. त्या आकड्यापर्यंत पोचायला पावणेदोन तास.

हे पुस्तक त्या पावणेदोन तासांबद्दल आहे.

त्या दिवशी मोडलेलं काहीच नव्हतं. कार्ड शाबूत, केबल शाबूत, स्विच शाबूत, ड्रायव्हर जागेवर. बूट होताना नेटवर्क न उठण्याचे जेवढे प्रसंग मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची जात हीच. खरोखर जळलेलं कार्ड मला फार थोड्या वेळा भेटलं. बाकी सगळीकडे एक तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या, नाही तर हवी ती गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती.

हे दुसरं जास्त फसवं. चालू सर्व्हरवर अडचण आली की आपण पटकन एक आज्ञा देतो : या कार्डाला हा पत्ता दे, अमुक जाळ्याकडची रहदारी या वाटेने पाठव. आज्ञा लगेच लागू होते, काम पुढे सरकतं, आपण घरी जातो. पण ती आज्ञा तोंडी असते. ती कर्नलच्या स्मृतीत राहते, फायलीत उतरत नाही. मशीन चालू आहे तोवर तोंडी आणि लेखी यांतला फरक कुणाला जाणवत नाही. चौदा महिने जाणवत नाही. मग एखाद्या पावसाळी रात्री वीज जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या संपतात, आणि पुन्हा उठताना मशीन फक्त लेखी मानतं. चौदा महिन्यांपूर्वी ती आज्ञा देणारा माणूस तोवर दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो. म्हणूनच चारशे दिवस न थांबता चाललेला सर्व्हर कुणी कौतुकाने दाखवला की मला काळजी वाटते. त्याच्या फायली खऱ्या आहेत की नाहीत, हे चारशे दिवसांत कुणी तपासलेलं नसतं.

या विषयात नव्याने येणाऱ्याला आधी फायलींचं आणि आज्ञांचं रान दिसतं. प्रत्येक वितरणाची तऱ्हा निराळी, एकाच कामाला चार साधनं, आणि इंटरनेटवर सापडणारा निम्मा सल्ला दहा वर्षांपूर्वीचा. पण या सगळ्या पसाऱ्याखाली प्रश्न तीनच आहेत. कार्डाला कोणत्या नावाने हाक मारायची? त्याला उठवण्याची जबाबदारी कुणाची? आणि केव्हा उठवायचं? लिनक्समधला या विषयाचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची वेळोवेळी दिलेली उत्तरं. जुनी उत्तरं पुसली जात नाहीत. ती त्याच मशीनवर नव्या उत्तरांच्या शेजारी पडून राहतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

नावाचा प्रश्न सगळ्यांत मोठा. सुरुवातीला कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते ईथ०, पुढचं ईथ१, एवढाच नियम होता. एका कार्डाच्या मशीनवर त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण फायरवॉलच्या मशीनला दोन कार्डं असतात, एक आतल्या जाळ्याचं, एक बाहेरच्या जाळ्याचं. कर्नल नवा घातला, ड्रायव्हर चढण्याचा क्रम उलटला, की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. नेटवर्क बंद पडलं तर निदान कळतं. इथे ते चालू राहून उलटं झालेलं असे.

कर्नल २.६च्या काळात, २००३च्या सुमारास, उपकरणांची नावं सांभाळणारं यूडेव्ह आलं. पुढे त्याने प्रत्येक कार्डाच्या मॅक पत्त्याची नोंद नियमांच्या एका फायलीत ठेवायला सुरुवात केली : हा मॅक म्हणजे ईथ०, कायमचं. क्रम उलटण्याची भीती गेली. मग आभासी मशीनचे दिवस आले आणि याच फायलीने लोकांना छळलं. एक मशीन नीट बसवायचं आणि त्याच्या नकला काढायच्या, ही सगळ्यांची रीत झाली. नकलेला मॅक पत्ता नवा मिळतो, पण नियमांची फाइल मूळ मशीनची जशीच्या तशी येते. तिच्यात ईथ० हे नाव आधीच कुणाला तरी देऊन टाकलेलं असतं, म्हणून नकलेचं कार्ड ईथ१ होतं. सेटिंग मात्र ईथ०चं. रेड हॅट ६ किंवा सेंटओएस ६ ज्यांनी सांभाळलंय त्यांना ‘ईथ० हे उपकरण हजर दिसत नाही’ अशा अर्थाची ती ओळ अजून पाठ असेल.

पुढचं वळण असं की नाव ओळखीवरून न देता जागेवरून द्यायचं. डेलने त्यासाठी एक साधन तयार केलं होतं. २०११ साली फेडोरा १५मध्ये ते आलं आणि मदरबोर्डवरच्या कार्डाला ईएम१ म्हणू लागलं. जानेवारी २०१३मध्ये, बूटची कामं चालवणाऱ्या सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने हाच विचार सगळ्यांसाठी रुजवला. मदरबोर्डवरचं कार्ड असेल तर ईएनओ, विशिष्ट स्लॉटमधलं असेल तर ईएनएस, नाही तर बसच्या मार्गावरून ईएनपी. अनेकांना ही नावं आजही रुचत नाहीत. मला विचाराल तर निर्णय योग्यच होता, कारण नाव वाचून कार्ड कुठे बसलंय हे कळतं आणि जळलेलं कार्ड बदलून तिथेच दुसरं लावलं तर नाव टिकतं. मात्र जागेवरून दिलेलं नाव जागा हलेपर्यंतच टिकतं. पतसंस्थेत झालं ते हेच. घरच्या छोट्या सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क घालणाऱ्या हौशी मंडळींना हाच अनुभव दर आठवड्याला कुठे ना कुठे येत असतो.

पेटी न उघडताही नाव बदलू शकतं. नाव देण्याचे नियम सिस्टमडीच्या आवृत्त्यांबरोबर सुधारत गेले आहेत, त्यामुळे वितरण वरच्या आवृत्तीवर नेलं की काही कार्डांची नावं बदलतात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३च्या सूचनांमध्ये तसा स्पष्ट इशारा छापलेला आहे. या पुस्तकाच्या लेखकांनी यावर जो उपाय सांगितलाय तो मी स्वतः वापरतो : मॅक पत्त्याशी जोडून कार्डाला आपलंच एक नाव द्यायचं, ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांसारखं अर्थाचं, आणि ईथ या अक्षरांच्या वाटेला जायचं नाही, म्हणजे कर्नल स्वतः देतो त्या नावांशी टक्कर होत नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. इथे घराणी आहेत. डेबियनच्या घराण्यात एक फाइल, तिच्यात सगळी कार्डं एकाखाली एक. त्या फायलीत कार्डाचा पत्ता लिहिलेला असतो, पण ‘ऑटो’ किंवा ‘अलाउ-हॉटप्लग’ यांपैकी एकही शब्द नसेल तर बूट होताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. हाताने सुरू केलं की ते मुकाट सुरू होतं. रेड हॅटच्या घराण्यात दर कार्डामागे एक फाइल, आणि तिच्यात बूटला सुरू करायचं की नाही याची एक ओळ. सेंटओएस ६ किमान पर्यायांनी बसवलं की त्या ओळीत ‘नाही’ असंच यायचं. ताज्या बसवलेल्या सर्व्हरला नेटवर्क का नाही, म्हणून रात्र घालवलेले कितीजण मला भेटलेत.

नेटवर्कमॅनेजर २००४ साली रेड हॅटकडून आला तो लॅपटॉपसाठी, या वायफायवरून त्या वायफायवर जाणाऱ्यांसाठी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी त्याला बराच काळ दारात उभं केलं नाही. मीही बसवल्या बसवल्या तो काढून टाकत असे. आता तसं करत नाही. बाँडिंग, व्हीलॅन, ब्रिज हे सगळं तो नीट सांभाळतो आणि रेड हॅटच्या बाजूला दुसरा वारस उरलेला नाही. २०१४मध्ये सिस्टमडीने आपला नेटवर्कडी आणला. ऑक्टोबर २०१७मध्ये उबंटू १७.१०पासून नेटप्लॅन आला. तो स्वतः काहीच उठवत नाही. यॅमल फायलीत लिहिलेलं वाचून नेटवर्कडीला किंवा नेटवर्कमॅनेजरला त्यांच्या भाषेत लिहून देतो, दस्तलेखकासारखा. त्या यॅमलमध्ये दोन जागा कमी-जास्त पडल्या की अर्थ बदलतो. शिवाय क्लाउडवरच्या मशीनवर ती फाइल बहुधा क्लाउड-इनिटने लिहिलेली असते. तिच्यात हाताने केलेला बदल तो पुन्हा पुसू शकतो.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या भागाला तंतोतंत लागू पडते. डेबियनवर नेटवर्कमॅनेजर असेल आणि कार्डाचा उल्लेख जुन्या फायलीत असेल, तर तो त्या कार्डाला हात लावत नाही; ते दुसऱ्याचं आहे असं समजतो. त्या जुन्या फायलीत वरच्या दोन शब्दांपैकी एकही नसेल तर ती व्यवस्थाही त्याला उठवत नाही. दोन्ही साधनं आपापल्या परीने बरोबर, दोघांच्या नोंदींत एकही चूक नाही, आणि कार्ड झोपलेलं. अशा वेळी आणखी एखादं साधन बसवण्यापेक्षा या कार्डाचा मालक कोण हे आधी ठरवावं.

तिसरा प्रश्न वेळेचा. जुन्या पद्धतीत बूटची कामं क्रमांकाने, एकामागून एक होत. रेड हॅटवर नेटवर्क दहाव्या क्रमांकाला, एसएसएच पंचावन्नाव्या. संथ होतं, पण कुणाआधी कोण हे फायलींची यादी पाहून कळत असे. २००६मध्ये उबंटूने अपस्टार्ट आणलं, २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टमडी, आणि कामं एकाच वेळी सुरू होऊ लागली. बूट झटपट झालं. पण ‘नेटवर्क तयार आहे’ या वाक्याचा अर्थ काय, हा तोवर न विचारलेला प्रश्न पुढे आला. नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली म्हणजे तयार? कार्डाला पत्ता मिळाला म्हणजे? की बाहेर पिंग जायला लागला म्हणजे? सिस्टमडीत नेटवर्क-टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन-टार्गेट अशी दोन निरनिराळी ठाणी आहेत ती याचसाठी. पहिलं गाठलं याचा अर्थ एवढाच की सांभाळणारा कामावर हजर झालाय. एखाद्या वेब सर्व्हरला ठरावीक पत्त्यावरच ऐकायला सांगितलेलं असेल आणि तो पहिल्या ठाण्यावरच निघाला, तर तो पत्ता अजून मशीनवर नसतो आणि सेवा तिथेच पडते. उलट टोकाला, केबलच न लावलेल्या एखाद्या जादा कार्डासाठी बूट दोन मिनिटं खोळंबून राहतं, कारण त्या कार्डाची वाट बघायची गरज नाही हे कुणी लिहिलेलं नसतं.

वेळेच्या प्रश्नाचा अर्धा भाग मशीनच्या बाहेर असतो. राडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसीत काम करताना स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. स्विचच्या जाळ्यात कुठे वेटोळं होऊन रहदारी गोल फिरत राहू नये म्हणून ती आहे. तिच्या मूळ रूपात स्विचचा पोर्ट जागा झाल्यावर पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मगच रहदारी पुढे जाऊ देतो. त्या तीस सेकंदांत सर्व्हरने डीएचसीपीकडे पत्ता मागितला तर ती मागणी पोर्टाच्या पलीकडे जातच नाही. कधीकधी सर्व्हर थकून नाद सोडतो. “हाताने चालू केलं की चालतं, बूटलाच चालत नाही,” हे वाक्य कानावर पडलं की सेटिंगच्या फायली उघडण्याआधी मी स्विच सांभाळणाऱ्याला फोन लावतो. त्याने त्या पोर्टाला पोर्टफास्ट, म्हणजे ही तीस सेकंदांची वाट टाळणारी सोय, लावली की निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

फर्मवेअरबद्दल थोडंच. काही कार्डांना चालण्यासाठी उत्पादकाची एक बंदिस्त फाइल लागते. २०११च्या डेबियन ६ने कर्नलमधून अशा फायली वेगळ्या काढल्या आणि ब्रॉडकॉमची कार्डं असलेले कितीतरी सर्व्हर मुके झाले. तत्त्व म्हणून मला ती भूमिका पटत होती. पण नेटवर्कच नाही अशा मशीनवर नेटवर्कची फाइल आणायची कशी, हा प्रश्न सर्व्हर रूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला पडायचा. २०२३च्या डेबियन १२पासून त्या फायली इन्स्टॉलरसोबत येतात.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारण आहे. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली. बँका, कारखाने, महाविद्यालयं, किती ठिकाणी ते वर्षानुवर्षं चालत होतं. तिथून रेड हॅट ९च्या कुळात जाणाऱ्याला जुन्या नेटवर्क स्क्रिप्ट सापडत नाहीत. त्या काढून टाकल्यात. त्यांच्या फायली ९ मध्ये नेटवर्कमॅनेजर निदान वाचत तरी होता, २०२५च्या १० मध्ये तेही थांबलं. म्हणजे वीस वर्षं ज्या फायलीत आपण नेटवर्क लिहीत आलो, तिला आता मशीन लेखी पुरावा मानतच नाही. शिवाय रीबूट वाढलेत. जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघडकीस आल्यावर जगभरचे सर्व्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा सुरू करावे लागले. तेव्हापासून सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी रीबूट ही नेहमीची गोष्ट झालीय, आणि दर रीबूटला लेखी-तोंडीचा हिशोब होतो. त्यात सर्व्हर आता आपल्या हाताशी नसतो. ऐरोली, महापे, रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये तो कुठल्या तरी रॅकमध्ये असतो आणि सांभाळणारा पुण्यात, नाशकात किंवा न्यू जर्सीत बसलेला असतो. नेटवर्क गेलं की त्याचे हात जातात. उरतो तो आयपीएमआय किंवा सिरियल कन्सोलचा मागचा दरवाजा, आणि त्याचा पासवर्ड रात्री तीनला कुणालाच आठवत नाही.

रात्री तीनला तिथे असतात ती बहुतेक पॉलिटेक्निक किंवा बीसीएस करून आलेली तरुण मुलं-मुली. जिल्ह्याच्या गावांतून आलेली, पाळीवर असलेली. मदतीची पानं इंग्रजीत असतात आणि त्यांना इंग्रजी येतंही. पण वरिष्ठ फोनवर ओरडत असताना, कशानंतर काय तपासायचं याचा विचार माणूस आपल्या भाषेत करतो. लेखकांनी मराठीत लिहायचं ठरवलं ते यासाठी. आज्ञा पुस्तकात मूळ लिपीत, जशा टाइप करायच्या तशा छापल्यात. त्यांच्याभोवतीचा विचार मराठीत आहे आणि तो भाषांतराचा वाटत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पद्धत तळापासून वर जाण्याची आहे. पीसीआयच्या यादीत कार्ड दिसतं का? त्याला ड्रायव्हर लागलाय का? नाव काय पडलंय? लिंक आहे का? पत्ता आहे का? मगच सेवा. दिवसाढवळ्या हे वाचताना बाळबोध वाटेल. पण गडबडीत प्रत्येक माणूस वरून सुरुवात करतो, सेवा चारदा सुरू करतो, मग सेटिंगच्या फायलीत तीन बदल एकदम करतो आणि रीबूट मारतो. त्या रीबूटमध्ये पुरावा जातो. सेंटओएस ७वर तर सिस्टमडीची जर्नल मुळात कायम ठेवली जात नाही. पहिल्या, फसलेल्या बूटच्या नोंदी त्या जर्नलमधून कायमच्या जातात. दुसऱ्यांदा रीबूट करण्याआधी पहिल्या बूटच्या नोंदी वाचा, हा आग्रह या पुस्तकात ठिकठिकाणी येतो. कुणाला तो कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

एका बाबतीत लेखकांशी माझं जमलं नाही. एकच कार्ड असलेल्या आभासी मशीनवर कर्नलला एक सूचना देऊन सरळ जुनं ईथ० नाव परत आणावं, असं त्यांचं म्हणणं आहे. सोय आहे, मान्य. पण आज एक कार्ड असलेल्या मशीनला पुढच्या वर्षी बॅकअपसाठी दुसरं लावलं जातं, आणि तेव्हा ती जुनी सूचना कुणाच्या लक्षात नसते. आम्ही यावर बराच वाद घातला. त्यांनी आपलं मत ठेवलं आणि माझं इथे लिहायची मोकळीक दिली.

वायफाय, कंटेनरांची आभासी जाळी आणि राउटिंगचे मोठे विषय या पुस्तकात नाहीत. मशीन उठल्यापासून पहिला पिंग जाईपर्यंतचा पल्ला, तेवढाच. सर्व्हर हाताशी असेल तर वाचता वाचता एखाद्या टाकाऊ मशीनवर ‘ऑटो’ची ओळ काढून बघा, नावातला आकडा बदलून बघा, यॅमलमधल्या दोन जागा उडवून बघा, आणि दर वेळी नोंदींत काय उमटतं ते वाचा. आभासी मशीन असेल तर आणखी बरं. बिघडवायला भीती नाही. उबंटूवर असाल तर नेटप्लॅनची ‘ट्राय’ ही आज्ञा पहिल्याच दिवशी शिका. तिने लागू केलेला बदल १२० सेकंदांत तुम्ही कायम केला नाही, तर मशीन आपणहून मागे येतं. दूरवरच्या मशीनवर काम करताना ही दोन मिनिटं प्रवास वाचवतात.

त्या पतसंस्थेत मी मागच्या वर्षी गेलो होतो. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. निळ्या बॉलपेनने तीन ओळी : कार्डाचा मॅक पत्ता, त्याचं नाव, आणि केबल स्विचच्या कितव्या पोर्टात जाते. नावातला तीन खोडून त्यावर चार केलेला आहे आणि शेजारी तारीख आहे. अक्षर त्या वसुलीच्या लिपिकांचं. ते आता निवृत्त झालेत, किल्ली दुसऱ्या एका बाईंकडे आहे, आणि कागदावर खाली त्यांच्या अक्षरात चौथी ओळ आली आहे : कन्सोलचा पासवर्ड मॅनेजरसाहेबांच्या तिजोरीत, पाकीट क्रमांक ७.